बुडवण्याचं आश्वासन

१९९५च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीच्या सभांना गेलेल्या कुणालाही चार गोष्टी आजही तोंडपाठ असतील. एक रुपयात झुणका-भाकर. मुंबईतल्या चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं. दाऊदला फरफटत आणू. आणि एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू. पहिल्या दोन बाळासाहेब ठाकरे यांच्या सभांची शान होत्या, पुढच्या दोन गोपीनाथ मुंडे यांच्या तोंडी शोभत. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतरची निवडणूक, शरद पवारांच्या सरकारवर आरोपांच्या फैरी, मुंड्यांची संघर्ष यात्रा, असं सगळं वातावरण तापलेलं होतं. मतदान सत्तर टक्क्यांच्या वर गेलं. शिवसेनेला ७३, भाजपला ६५ आणि काँग्रेसला ८० जागा मिळाल्या. ४५ अपक्ष निवडून आले आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हाताशी धरून युतीनं सरकार बनवलं. १४ मार्च १९९५ रोजी मनोहर जोशी यांनी शिवाजी पार्कवर मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मुंडे उपमुख्यमंत्री झाले. गृह आणि ऊर्जा ही दोन्ही खाती त्यांच्याकडे आली. म्हणजे दाऊदही त्यांच्याच खात्यात आणि एन्रॉनही.

लोकानुनयी आश्वासनांची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘फुकट’ या मुद्द्याभोवती फिरते. अमुक फुकट देणार म्हणाले, मग पैसा कुठून आणणार? प्रश्न रास्तच आहे. पण या चार घोषणांपैकी राज्याला सगळ्यांत महाग पडली ती काहीच फुकट न देणारी. तिच्याकडे वळण्याआधी फुकटवाल्या दोन उरकून घेऊ, कारण त्यांचा हिशेब सोपा आहे.

झुणका-भाकरीचं गणित शेंबड्या पोरालाही कळावं असं होतं. एक रुपयात भाकरी, पिठलं आणि वर केंद्र चालवणाऱ्याचा नफा बसत नाही. उरलेला खर्च सरकारनं उचलायचा होता, आणि काही काळ उचललाही. पण केंद्रांना मोक्याच्या जागा मिळाल्या होत्या. त्या वाटताना कार्यकर्त्यांची सोय पाहिली गेली, असा आरोप तेव्हाच झाला. अनुदान आटल्यावर झुणका गेला आणि जागा राहिली. वडापाव, चहा, पुढंपुढं चायनीज. २००० साली योजना अधिकृतपणे बंद झाली, तरी जागा रिकाम्या करून घेण्यासाठी प्रशासनाला कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा निदान हिशेब आधी मांडलेला होता: थाळी दहा रुपयांना, शहरात तिची किंमत ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरलेली, फरक सरकारचा. ती योजना चांगली की वाईट यावर वाद घालता येतो, पण तो आकडे हातात घेऊन घालता येतो.

मोफत घरांचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. १९९१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ९९ लाखांच्या आसपास होती. चाळीस लाखांना घर म्हणजे दर पाच मुंबईकरांपैकी दोघांना. एका कुटुंबात पाच माणसं धरली तर आठ लाख घरं. सरकारची मुदत पाच वर्षांची, म्हणजे वर्षाला एक लाख साठ हजार. रोजची सव्वाचारशेहून जास्त. सुट्टीचे दिवसही यात धरले आहेत! हा भागाकार प्रचारात कुणी केला नाही. केला असता तर घोषणा पहिल्याच सभेत बसली असती.

निवडून आल्यावर मात्र हिशेब मांडावाच लागला. दिनेश अफझुलपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डिसेंबर १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण उभं राहिलं. योजनेची रचना डोकेबाज होती. सरकारनं तिजोरीतून काहीच द्यायचं नाही. बिल्डरनं झोपडीवासीयाला २२५ चौरस फुटांचं घर मोफत बांधून द्यायचं आणि त्या बदल्यात विक्रीसाठी जादा बांधकामाचा हक्क घ्यायचा. पुनर्वसनाच्या दर दहा चौरस फुटांमागे उपनगरांत दहा, शहरात साडेसात, धारावीत तेरा-साडेतेरा. म्हणजे झोपडीवाल्याच्या मोफत घराचे पैसे शेजारच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेणाऱ्यानं भरायचे. घरांच्या किमती चढ्या असतील तोवर हे चाक फिरतं. १९९५च्या सुमारास त्या शिखरावर होत्या. एक-दोन वर्षांत घसरल्या आणि बिल्डरांचा उत्साहही घसरला. शिवाय जिथं जमिनीला भाव तिथंच बिल्डर, या न्यायानं नाल्याकाठच्या आणि डोंगरउतारावरच्या झोपड्या रांगेत शेवटी. वर १ जानेवारी १९९५ ही मुदतरेषा, तिच्यामुळं ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी नवी वर्णव्यवस्था, आणि वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरात अडकलेली कुटुंबं. पाव शतक उलटल्यावर तयार घरांचा आकडा दोन-अडीच लाखांच्या घरात होता. हे काम लहान नव्हे. अनेकांच्या डोक्यावर पक्कं छप्पर आलं. पण आश्वासन पाच वर्षांत आठ लाखांचं होतं.

या बाबतीत कुठल्याच पक्षाचं सोवळं टिकलेलं नाही. २००४च्या निवडणुकीआधी बाळासाहेबांनी शेतकऱ्यांना मोफत विजेचं आश्वासन दिलं, तर सुशीलकुमार शिंदे यांच्या काँग्रेस आघाडी सरकारनं ते निवडणुकीआधीच अमलात आणून टाकलं. निवडणूक जिंकली. २००५ मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारनं, म्हणजे त्याच आघाडीनं, मोफत वीज बंद केली. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांवर महायुतीनं एकवीसशेची बोली लावली आणि महाविकास आघाडीनं तीन हजारांची.

तमिळनाडूतल्या मोफत टीव्ही-मिक्सरच्या वाटपावरून सुब्रमणियम बालाजी यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. जाहीरनाम्यातलं आश्वासन हा कायद्यानं ‘भ्रष्ट आचार’ ठरत नाही, असा निकाल जुलै २०१३ मध्ये आला. पण निवडणूक आयोगानं पक्षांशी बोलून काही मार्गदर्शक तत्त्वं ठरवावीत, असंही न्यायालयानं सांगितलं. त्यानुसार २०१४ मध्ये आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यावर एक भाग जोडला गेला. आश्वासनामागचं तर्कशास्त्र द्या आणि पैसा कुठून आणणार ते ढोबळमानानं सांगा, एवढंच तो म्हणतो. त्याला दात नाहीत हे सोडा. मला त्यातली दुसरीच उणीव खुपते. हा नियम देण्याच्या आश्वासनांना लागू पडतो. मोडून टाकू, हाकलून देऊ, बुडवून टाकू, या आश्वासनांना ‘पैसा कुठून आणणार’ असं कुणी विचारत नाही. जणू मोडायला पैसे पडत नाहीत.

आता एन्रॉन. उदारीकरणानंतर वीजक्षेत्र परकीय कंपन्यांना खुलं झालं आणि जून १९९२ मध्ये अमेरिकेतल्या एन्रॉननं महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार केला. पथक आलं आणि काही दिवसांत सह्या झाल्या. निविदा नाहीत, दुसऱ्या कुणाचा देकार नाही. तेव्हा सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री होते. मार्च १९९३ मध्ये पवार आले आणि त्यांच्या काळात, डिसेंबर १९९३ मध्ये, वीस वर्षांचा वीजखरेदी करार झाला. जागा रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातली, अंजनवेल-वेलदूरच्या परिसरातली. दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचे ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलचे प्रत्येकी दहा. दोन टप्पे मिळून दोन हजार मेगावॉटच्या वर वीज. जागतिक बँकेनं १९९३ मध्येच या प्रकल्पाला कर्ज द्यायचं नाकारलं होतं: राज्याच्या गरजेच्या मानानं प्रकल्प फार मोठा, आयात वायूची वीज महाग, आणि ती घ्यायची तर स्वस्त कोळशाची वीज बंद ठेवावी लागेल. ही टीका करणारे कुणी डावे आंदोलक नव्हते, जागतिक बँक होती! पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थाही आकडे काढून हेच सांगत होत्या.

खरी मेख करारात होती. मंडळानं कंपनीला द्यायच्या पैशांचे दोन भाग होते. एक, प्रत्यक्ष घेतलेल्या विजेच्या इंधनाचा. दुसरा क्षमतेचा आकार, म्हणजे केंद्र तयार ठेवल्याबद्दलचे पैसे, वीज घ्या अगर न घ्या. खानावळीत महिन्याचा डबा लावला की गावी गेलात तरी पैसे कापले जातात, तसं. आपल्या घरच्या बिलातही ‘स्थिर आकार’ असतोच; फरक रकमेचा आणि चलनाचा. इथलं शुल्क बव्हंशी डॉलरशी बांधलेलं होतं. इंधन आयात, तेही डॉलरमध्ये. मंडळानं पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी आणि राज्यानंही हात वर केले तर केंद्राची प्रतिहमी. व्यवहारातली जवळजवळ सगळी जोखीम वीज घेणाऱ्याच्या गळ्यात.

तेव्हा मुंड्यांचा मुद्दा खोटा नव्हता. हे मुद्दाम ठासून सांगावंसं वाटतं, कारण लोकानुनयी भाषणबाजीवर टीका करणारे बहुधा गृहीत धरतात की ती खोट्यावर उभी असते. इथं तक्रार अस्सल होती. प्रकल्पाच्या ‘प्रबोधन आणि विकास’ प्रक्रियेवर दोन कोटी डॉलर खर्च केले, असं एन्रॉनच्या एका अधिकारी बाईंनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढं सांगितलं होतं. हे प्रबोधन नेमकं कुणाचं झालं, हे विचारणं विरोधी पक्षाचं कामच होतं. पण सभेत क्षमतेचा आकार समजावून सांगता येत नाही. टाळी पडते ती परदेशी कंपनीवर, पवारांवर, आणि समुद्रात बुडवण्यावर. सभेतला श्रोता घरी जाताना कराराचं एकही कलम सोबत नेत नाही, शत्रू तेवढा घेऊन जातो. आणि शत्रूशी हिशेब चुकता करण्याचे मार्ग दोनच राहतात: एकतर त्याला बुडवायचं, नाहीतर त्याच्याशी तह करायचा. कलम क्रमांक अमुक बदलून घेणं हे दोन्हींत बसत नाही.

युतीनं दोन्ही करून पाहिलं, दहा महिन्यांच्या आत. मुंड्यांच्या अध्यक्षतेखाली मंत्रिमंडळाची उपसमिती बसली. तिनं गुप्तता, स्पर्धेचा अभाव, फुगवलेला भांडवली खर्च यांवर बोट ठेवलं. ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत जाहीर केलं की दुसरा टप्पा रद्द आणि पहिल्याचा करार मोडीत. बुडवला! फटाके वाजले. पण मोडीत काढल्याची किंमत आधी कुणी मोजली नव्हती. काम सुरू झालेलं होतं, कंपनी लंडनच्या लवादाकडं गेली, दिवसाला अडीच लाख डॉलरचं नुकसान होत असल्याचं सांगू लागली. हमी राज्य सरकारची होती, म्हणजे लवादात हरलं तर भरपाई त्याच मतदारांच्या खिशातून जाणार. सरकारनं उलट मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला: करार फसवणुकीनं झालेला आहे, तो रद्दबातल ठरवा.

न्यायालयात फसवणुकीचा आरोप चालू असतानाच बाहेर बोलणी सुरू झाली. एन्रॉनच्या रिबेका मार्क मातोश्रीवर जाऊन बाळासाहेबांना भेटल्या. नोव्हेंबरात किरीट पारीख यांच्या अध्यक्षतेखाली फेरवाटाघाटी समिती नेमली गेली. तिनं अवघ्या अकरा-बारा दिवसांत काम संपवलं. जानेवारी १९९६ मध्ये मुख्यमंत्र्यांनी नवा करार जाहीर केला. दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैसे केल्याचं सांगण्यात आलं आणि ‘आम्ही करून दाखवलं’चा गजर झाला.

आतला मजकूर वेगळा होता. प्रकल्प आकसला नाही, वाढला: पहिला टप्पा ७४० मेगावॉट, दुसरा १,४४४, एकूण २,१८४. मूळ करारात दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या मर्जीवर होतं. नव्या करारात तो बंधनकारक झाला. ज्या टप्प्याला पवारांच्या सरकारनं निदान दार उघडं ठेवलं होतं, तिथं समुद्रात बुडवायला निघालेल्यांनी कुलूप लावलं. भांडवली खर्च कमी झाल्याचा जो गाजावाजा झाला, त्यातला काही भाग वायूच्या टर्मिनलचा खर्च वेगळा काढून दाखवल्याचा, आणि काही जगभरात यंत्रसामग्री स्वस्त झाल्याचा. डॉलरची आणि इंधनाची जोखीम होती तिथंच राहिली. केंद्राची प्रतिहमीही नव्या करारासाठी पुन्हा हवी होती. मे १९९६ मध्ये वाजपेयींचं पहिलं सरकार अवघे तेरा दिवस टिकलं, पण विश्वासदर्शक ठरावाच्या धामधुमीतही त्या मंत्रिमंडळानं ती मंजूर करून ठेवली.

‘सिटू’ ही कामगार संघटना आणि अभय मेहता यांनी या कोलांटउडीविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९९६ मध्ये याचिका फेटाळली गेली. पण राजकीय सोयीपुढं लोकहित आणि राज्याचं हित कसं मागं पडतं, आणि सरकार आपल्या कृतीचं समर्थन जनतेपुढंच काय, न्यायालयातही कुठवर ताणतं, हे या प्रकरणानं लोकांना दाखवून दिलं, अशा आशयाचे कडक शब्द न्यायमूर्तींनी वापरले.

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. १ रुपया ८६ पैशांचं काय झालं ते समजण्यासाठी थोडी आकडेमोड पाहू. ७४० मेगावॉटचं केंद्र महिनाभर अखंड चाललं तर सुमारे ५३ कोटी युनिट वीज होते. आता उदाहरणादाखल महिन्याचा क्षमतेचा आकार १०६ कोटी रुपये धरू. सगळी वीज घेतली तर युनिटमागे त्याचा बोजा दोन रुपये. पण तेवढ्या विजेची मागणीच नसेल आणि एक तृतीयांशच घेतली, तर तोच बोजा सहा रुपये, इंधनाचे पैसे वेगळे. मंडळाची पंचाईत नेमकी हीच झाली. वीज महाग म्हणून कमी घ्यायची आणि कमी घेतली म्हणून ती आणखी महाग. त्यात फेरकरार झाला तेव्हा ३५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २००१ पर्यंत ४७ वर गेला, खनिज तेल भडकलं आणि त्याबरोबर पहिल्या टप्प्याचं इंधन असलेला नाफ्ताही. २००० साली काही काळ दर युनिटला ७ रुपये ८१ पैशांपर्यंत पोचला. मंडळ पैसे थकवू लागलं, कंपनीनं हमी आणि प्रतिहमी दोन्ही वटवायला काढल्या. मे २००१ मध्ये मंडळानं वीज घेणं बंद केलं आणि केंद्र थंडावलं. डिसेंबरात खुद्द एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. जवळजवळ तयार झालेला दुसरा टप्पा आणि त्यावर कर्ज देऊन बसलेल्या भारतीय बँका यांचं निस्तरण्यासाठी २००५ मध्ये सरकारी कंपन्यांना रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढावी लागली.

या प्रकरणाचा आढावा घेण्यासाठी नेमलेल्या माधव गोडबोले यांच्या समितीनं एप्रिल २००१ मध्ये दिलेल्या अहवालात दोष एका पक्षाच्या माथी मारलेला नाही. एकामागून एक आलेली राज्य सरकारं, केंद्र, मंडळ, सगळीकडं कारभार कोलमडला होता, असं तिचं म्हणणं. विजेची मागणी किती वाढेल, कुठली वीज आधी घ्यायची, महाग वीज मंडळाला परवडेल का, हे साधे प्रश्न समितीनं विचारले. यांतला एकही १९९५ मध्ये विचारता येण्यासारखा नव्हता असं नाही. पण तोवर एन्रॉनविरोध ही युतीची मालमत्ता झाली होती, आणि युतीनं तह केल्यावर ती बाजारातून उठली. १९९६ नंतर मोठ्या पक्षांपैकी कुणालाच करारावर बोलायला तोंड उरलं नाही. एकानं तो केला होता, दुसऱ्यांनी तो वाढवला होता.

बोलत राहिले ते गुहागरचे लोक. अंजनवेल, वेलदूर, काताळवाडी, रानवी या गावांत जमीन, पाणी आणि मासेमारीचा प्रश्न १९९५च्या आधीही होता आणि नंतरही होता. युतीची घोषणा या गावांनी अक्षरशः खरी मानली होती. दुसऱ्या कुणाच्या दारात समुद्रही नव्हता आणि एन्रॉनही. फेरकरारानंतर आंदोलन पेटलं तेव्हा तिथं राज्य राखीव पोलीस दलाचा तळ पडला. त्याचा खर्च कंपनी भरत होती, हे ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेनं जानेवारी १९९९च्या अहवालात नोंदवलं आहे. जमावबंदी, हद्दपारीच्या नोटिसा, मृणाल गोरे आणि मेधा पाटकर यांच्यासारख्यांना अटक, हे नित्याचं झालं. ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळ्यांच्या वस्तीत घुसले. पुरुष बरेचसे समुद्रावर गेलेले होते. घराघरांतून बायकांना बाहेर ओढून, मारहाण करून गाड्यांत घातलं गेल्याचं मानवी हक्क संघटनांच्या नोंदींत आहे. त्या दिवशी राज्याचे गृहमंत्री आणि ऊर्जामंत्री एकच होते: गोपीनाथ मुंडे.